हाकेला ओ न देणारा संगणक

या, असे जवळ सरकून बसा बाळांनो! हमरापुरात हरवलेल्या एका आवाजाची गोष्ट ऐका.

१९९८ सालची मे महिन्याची सुट्टी. रोह्याची नम्रता काकांकडे आली होती, ती एकाच ओढीने. तिचे आजोबा, कीर्तनकार जनूबुवा, गेल्या वर्षी वारले. त्यांच्या कीर्तनाची एकुलती एक कॅसेट टेपरेकॉर्डरने गिळली. नशीब, त्याआधीच दिनानाथकाकांनी ते कीर्तन माडीवरच्या संगणकात भरून ठेवलं होतं! पण स्पीकर होते खाली, गणपतीच्या कारखान्यातल्या संगणकाला. दोघांना वायरने जोडलेलं होतं, तरी खालच्याला वरचा सापडतच नव्हता!

"व्हायरस!" काका म्हणाले. "उद्या पेणचा मेकॅनिक दोन्ही पुसून कोरे करील."

"आणि आजोबा?"

"गेलेलं माणूस परत येतं का गो?"

बिनरंगी मूर्तींच्या रांगेत बसून नम्रता हुंदके देऊ लागली. देवा, माणूस नेलंस, आता आवाजही नेणार?

"रडतेस काय? ऊठ!" चुलतभाऊ निकेशने तिला ओढलं. "संगणकाला नाव असतं तसा आकडाही असतो. आकड्याने हाक मारून बघू."

त्याने आकडा टाइप केला. वरच्याने लगेच ओ दिली!

"वायर जिवंत, वरचाही जिवंत! आता नावाने."

काहीच नाही.

"नाव काय त्याचं?" नम्रताने विचारलं.

"बाबांचंच. दिनानाथ."

दोघं माडीवर धावले. तिथल्या संगणकाचं नाव पाहून निकेश पोट धरून हसला. इंग्रजी अक्षरांत लिहिलं होतं, 'अहो'!

"आई! हे तुझं काम?"

दारात आलेल्या रंभाकाकूंनी पदर तोंडाशी नेला. "मग काय रे! खालून वरच्या संगणकातली चित्रं उघडायला रोज त्यांचं नाव लिहू? माझ्याच्यानं नाय व्हत! संगणकाच्या क्लासात शिकवलं तसं बदललं. मग काही उघडंना, तेव्हा बोलायचा धीर नाय झाला."

"आणि खालचा बिचारा जुन्याच नावाने हाका मारत बसला!"

"मला सांगायचंस तरी!" मागून आलेले काका ओरडले.

"तुम्ही विचारलंत कुठं? थेट पुसायलाच निघालात!"

निकेशने खाली येऊन नवं नाव टाइप केलं. खरखर झाली, चिपळ्या वाजल्या, आणि जनूबुवांचा भरदार आवाज कारखान्यात घुमला!

काकांनी डोळे पुसले. "शाबास रे पोरांनो! केवढं पाप होणार होतं माझ्या हातून!"

"आजोबा!" नम्रता न राहवून म्हणाली. पण आवाज थांबला नाही. तो आपल्याच गजरात पुढे निघून गेला. ती स्पीकरला हात लावून रडत ऐकत राहिली.

बाळांनो, आज देवापुढे हात जोडाल तेव्हा जनूबुवांचीही आठवण काढा.