बिअरची चित्राहुती

गोकुळ रोडवर पंपांचे सुटे भाग बनवणाऱ्या दोन कारखान्यांच्या मध्ये प्रभंजनचं पत्र्याचं शेड आहे. तिथे तो रीतसर परवाना काढून बिअर बनवतो. धारवाडजवळ बेलूरच्या कारखान्यात तीस वर्षं चाचणी विभागात काढलेल्या माणसाला निवृत्तीनंतरही काहीतरी तपासत बसावंसं वाटणारच. मी चाळीस वर्षं वर्तमानपत्रात लोकांची टिंगल केली. निवृत्तीनंतर मला कुणी काही चाखायला बोलावलं, तर मी जातो.

त्याचा सगळा जीव एका लाकडी पिंपात होता. आत तीन वर्षं मुरलेली आंबट बिअर. ती बाटलीत कधी भरायची हे कुठलंही यंत्र सांगत नाही, जीभच सांगते. आणि प्रभंजनची जीभ अशी, की पेढा तोंडात टाकून खवा कालचा की परवाचा ते सांगायचा.

एप्रिलमधल्या एका रविवारी सकाळी त्याने मला चाखायला शिकवलं. आधी वास. मग छोटा घोट, जिभेवर धरायचा, मिनिटभर बोलायचं नाही. मला आधी कैरी लागली, मग ओलं गोणपाट, आणि शेवटी लांबून कुठूनतरी जुनी तपकिरीची डबी.

‘‘घोड्याच्या अंगाचा वास येतो का, अण्णा?’’ त्याने फार आशेने विचारलं. या छंदात ही स्तुती असते.

दुसऱ्या पेल्याला मला लहर आली. घरी मी रोज चित्राहुती घालतो. ताटाभोवती पाणी फिरवायचं, उजव्या हाताला भाताच्या पाच चिमटी ठेवायच्या, चार यम-चित्रगुप्त मंडळींना आणि पाचवी सर्व भूतांना. मग तळहातावरचं पाणी पिऊन जेवायला लागायचं. तोच सगळा विधी मी बिअरला केला. मंत्रासकट. स्टीलच्या टेबलावर पाच थेंब ओळीने ठेवले. प्रभंजन उचकी लागेपर्यंत हसला. तेवढ्यात धारवाडच्या बसची वेळ झाली आणि मी उठलो.

पुढच्या रविवारी टेबलावर चार थेंब होते.

ओले. वर पत्रा तापलेला, पंखा भणभणतोय, आणि थेंब ओले. पुसलं नाहीस का, म्हणून विचारलं, तर म्हणाला, रोज पुसतो. मग सहज बोलावं तसं म्हणाला, की सोमवारपासून चहात साखर लागत नाही. देशपांडे नगरातल्या डॉक्टरांनी जीभ बघून जीवनसत्त्वाच्या गोळ्या दिल्या होत्या.

त्यापुढे तीन थेंब, आणि मीठ गेलं. मग दोन, आणि कारल्याची भाजी तो भोपळ्यासारखी खायला लागला. मी थट्टा केली, की दीपश्रीला स्वयंपाकात आता काही चुकायची भीती नाही. दीपश्री त्याची बायको. तिने त्याला तीन दिवस गुपचूप अळणी वरण वाढून पाहिलं होतं, हे त्याने तेव्हा सांगितलं. थट्टा तिथेच थांबली.

पाचव्या रविवारी एकच थेंब उरला होता. प्रभंजनने माझ्यासमोर हिरवी मिरची देठापर्यंत चावून खाल्ली. डोळ्यांत पाणीसुद्धा आलं नाही.

‘‘आंबट तेवढं राहिलंय,’’ तो म्हणाला. ‘‘ते गेलं, की हे पिंप माझ्या दृष्टीनं पाण्याचं.’’

त्याने त्या एका थेंबाकडे बोट केलं.

‘‘अण्णा, त्या दिवशी तुम्ही जेवण संपवलं होतं का?’’

नव्हतं. जेवण आपोशनाने सुरू होतं आणि उत्तरापोशनाने संपतं. शेवटचं तळहातभर पाणी प्यायल्याशिवाय पान संपत नाही. मी बस पकडायला उठलो होतो. पंगत अजून बसलेलीच होती. बोलावलं मी होतं, पण पाहुणे जेवत होते यजमानाच्या ताटातलं.

मी तळहातावर पाणी घेतलं. शेवटचे शब्द म्हटले. या वेळी कुणी हसलं नाही.

पाणी प्यायलो.

थेंब जरासा हलला. प्रभंजनने फडकं फिरवलं. टेबल कोरडं झालं. कोरडंच राहिलं.

त्याने पिंपातून घोटभर काढून तोंडात धरलं. मिनिटभर आम्ही दोघंही बोललो नाही.

‘‘कैरी,’’ तो म्हणाला आणि खुर्चीत बसला. बाकीच्या चवी परत आल्या नाहीत. त्याने तक्रारही केली नाही.

बोलावले पाच होते, जेवले चार. हे मी त्याला बोलून दाखवलं नाही.

घरी माझ्या बायकोने, शकुंतलेने, ताटं वाढली होती. हुग्गी केली होती, गव्हाची गुळातली खीर. मी पाणी फिरवलं नाही, चित्राहुती घातली नाही. चाळीस वर्षांत पहिल्यांदा. तिने नुसतं पाहिलं.

अर्धं जेवण झाल्यावर माझं लक्ष उजव्या हाताकडे गेलं. ताटाशेजारी एक थेंब होता. मी त्याला बोट लावून वास घेतला. कैरी. मागून ओलं गोणपाट.

समोर शकुंतलेने हुग्गीचा घास घेतला, थांबली, पुन्हा एक घेतला.

‘‘आज गूळ घालायचाच विसरले वाटतं,’’ ती म्हणाली.

माझ्या वाटीतली हुग्गी गोडमिट्ट होती.