न लागलेलं कुलूप

“नाही, नाही आणि त्रिवार नाही! चोरी मीच केली!” दादांनी इतक्या ताठ मानेनं सांगितलं, की समोर बसलेल्या वकीलबाईंना हसावं की रडावं तेच कळेना... आजवर त्यांच्याकडे येणारे अशील गळ्यापर्यंत बुडालेले असले तरी निर्दोष असल्याच्या आणाभाका घेत. हा पहिलाच महाभाग निर्दोष असून चोरपणाला चिकटून बसला होता!

“अहो, खरा चोर सापडलाय!” दादांची बायको कळवळून म्हणाली. “तो कबूल करून मोकळा झाला. मग तुमचं काय मधेच?”

दादांचं काय, ते त्या माउलीला कसं सांगावं!

वडील गेल्यावर धाकट्या भावाला दादांनी लेकरासारखं वाढवलं होतं, कुलपं करायची विद्या त्याच्या हाती दिली होती. अशात एक दिवस क्लबाच्या कपाटातला चांदीचा चषक नाहीसा झाला. कपाटाचं कुलूप यांच्याच दुकानातलं, आणि त्यावर साधा ओरखडासुद्धा नव्हता! इतक्या सफाईनं ते उघडणारे हात दोघांचेच, एक आपण आणि दुसरा धाकटा... आपण तर उघडलं नाही. मग उरलं कोण? दादांचं अंतःकरण वात्सल्यानं भरून आलं, आणि पोलिसांची नजर धाकट्याकडे वळायच्या आत त्यांनी गुन्हा कबूल करून टाकला! आयती कबुली मिळाल्यावर कुलूप तपासायचं कोणाला सुचणार? तिकडे धाकट्यानंही तीच अक्कल चालवली. आपण उघडलं नाही, म्हणजे दादानंच! ज्याला देव मानलं तोच चोर निघाला, या दुःखानं त्यानं घर सोडलं ते सोडलंच. दादा शिक्षा भोगून आले आणि छत्र्या दुरुस्त करू लागले. कुलपाला त्यांनी पुन्हा हात लावला नाही.

“पूर्वी कबुली दिलेल्याला कोर्ट दारात उभं करत नसे,” वकीलबाई म्हणाल्या. “तुम्हीच कबूल केलंत ना, मग भोगा! ते बदलून घेताना आमच्या चपला झिजल्या. आता कबुली दिलेल्यालाही नवा पुरावा आणून निर्दोषत्व सिद्ध करता येतं. आणि चोराचा जबाब आपल्याकडे आहे. वाचू?”

“नका वाचू!” दादा कासावीस झाले, कारण तो त्यांनी आधीच ऐकला होता.

बाईंनी वाचलाच. चोर म्हणत होता, “कुलूप मी उघडलंच नाही, साहेब. दार ओढलं, आलं.”

हाय रे दैवा! किल्ली फिरायची, खट्ट आवाज यायचा, पण कुलपाचा दांडा समोरच्या खोबणीपर्यंत पोचतच नव्हता. दार नुसतं टेकून राहायचं. आणि ते कुलूप बसवलं होतं खुद्द दादांनी!

“मला चोर म्हणा, दरोडेखोर म्हणा,” दादा म्हणाले, “पण माझं कुलूप लागत नव्हतं, हे मी भर कोर्टात नाही सांगायचो!”

“आणि भावजी?” बायकोच्या डोळ्यांत पाणी तरळलं. “तुम्ही चोरच राहिलात, तर त्यांनी या घरात पाऊल कसं टाकायचं?”

दादांनी अर्जावर सही केली, पण ओठ शिवल्यासारखे मिटून.

कोर्टात धाकटा मागच्या बाकावर बसला होता. वहिनीचा निरोप मिळताच आला होता. दादा त्याच्या कानशिलावरच्या पिकलेल्या केसांकडे बघतच राहिले.

“कुलूप कोणी बसवलं होतं?” न्यायाधीशांनी विचारलं.

दादा समोरच्या कठड्यावरची धूळ पुसू लागले... आणि मागून आवाज आला, “मी बसवलं, साहेब! दादाचं काम कधी चुकत नाही. माझाच निष्काळजीपणा.”

“लबाडा!” दादा गरजले. “खोटी कबुली देतोस?”

“तू नव्हती दिलीस?”

“मी मोठा आहे!”

“मोठा झालास म्हणून सगळे गुन्हे तुझेच का?”

“एका वेळी एकानंच कबुली द्या,” न्यायाधीश चष्मा काढून म्हणाले. “कायदा अजून नवा आहे, त्याच्या जरा कलानं घ्या.”

सारं कोर्ट हसलं, पण दादांच्या काळजात लख्ख उजेड पडला. आपल्या वेड्या मायेनं जे केलं, तेच हे पोर आज करायला निघालं होतं! त्यांनी हात जोडले. “साहेब, चोरी मी केली नाही. पण कुलूप मीच बसवलं, आणि दांडा आखूड पडला. लाज वाटते... पण हेच खरं आहे.”

दादा निर्दोष सुटले. कोर्टाच्या पायऱ्यांवर धाकट्यानं त्यांना मिठी मारली. “दादा, तुला मी चोर वाटलोच कसा रे?”

“तुला मी वाटलो, तसाच!”

“एकदा, एकदा तरी एकमेकांना विचारायचं होतंत!” बायको रडता रडता दोघांवर कडाडली. “जगाला कुलपं विकता विकता स्वतःच्या तोंडालाच लावून बसलात!”

तिघं घरी न जाता क्लबात गेली. परत मिळालेल्या चषकाच्या कपाटाला आता सुतळी बांधलेली होती. दादांनी कुलूप सोडवलं, नवा दांडा बसवला. धाकटा लहानपणीसारखा न मागता एकेक हत्यार पुढे करत होता. किल्ली फिरली.

“ओढ,” दादा म्हणाले.

धाकट्यानं ओढलं. मग चौकटीला पाय लावून, दात-ओठ खाऊन ओढलं. दार तसूभरही हललं नाही.

तुरुंगात एकदाही न रडलेले दादा तिथेच खाली बसले आणि ओक्साबोक्शी रडू लागले.