दगड चाटणारा माणूस

तिनं त्याला पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा तो दगड चाटत होता.

बाहेर बारीक पाऊस लागला होता, आणि निव्वळ भिजायला नको म्हणून ती खाणीच्या आवारातल्या पत्र्याच्या शेडमध्ये शिरली होती. आत लांबट खोक्यांच्या रांगा होत्या. जमिनीत खोल नळी घालून काढलेले दगडाचे दांडे त्यांत वरपासून खालपर्यंत क्रमानं मांडलेले. आणि एका खोक्यापाशी हा... चांगला शिकलासवरलेला दिसणारा, चष्मा कपाळावर, डोळे मिटलेले, जीभ बाहेर.

"भूक लागलीय का?" तिनं विचारलं.

तो दचकला. लाजला मात्र नाही. "ओला केल्याशिवाय दगड बोलत नाही. पाण्याची बाटली गाडीत राहिली."

"मग काय बोलला?"

"म्हणाला, बाई भिजल्यात, बसायला सांगा."

ती बसली नाही. तोऱ्यात तिनं एक दांडा उचलला, निरखला आणि परत ठेवताना उलटा ठेवला.

"अहो, अहो!" तो धावलाच. "खालची जमीन वर आणलीत की!" त्यानं दोन्ही हातांनी तो दांडा सरळ केला, झोपलेल्या मुलाला कुशीवर वळवावं इतक्या हळूच. तिला हसू आलं, आणि थोडी लाजही वाटली.

ती काही वाट चुकून आलेली पाहुणी नव्हती. बॅटऱ्या बनवणाऱ्यांनी कुठल्या खाणीतून लिथियम घ्यावं आणि कुठल्या खाणीकडे पाठ फिरवावी, हे ज्या निसर्गसंस्थेच्या शब्दावर ठरायचं, तिथली ती तपासणीप्रमुख. खाणवाले पाठीमागे तिला 'कात्री' म्हणत. तिला ते ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर आवडतही होतं. खाणींशी तिचं वैर नव्हतं. धूर नको असेल तर बॅटऱ्या लागणार, आणि बॅटऱ्या लागणार तर कुठेतरी खणावं लागणार, एवढं तिला कळत होतं. फक्त चूल पेटवायला घराचेच वासे काढू नयेत, असं तिचं म्हणणं.

इथे अडलं होतं ते पूर्वेच्या उतारावर. तिथे एक झरा होता. खालची गावं त्याचं पाणी पीत. त्याच्या शेवाळात बोटाच्या पेराएवढा एक बेडूक राही, जो तिला आजवर दुसरीकडे कुठेही दिसला नव्हता. आणि नेमकी त्याच उताराखाली लिथियमची सगळ्यात जाड शीर होती. ती शीर शोधून काढणारा भूवैज्ञानिक म्हणजे हाच, दगड चाटणारा.

"चाटतो?" घरी आईनं भाजी चिरता चिरता सुरी थांबवली. "म्हणजे जिभेनं?"

"आई, चाटतात ते जिभेनंच."

"मग बरंय. असा माणूस स्वयंपाकाला नावं ठेवणार नाही."

"मी कामाचं सांगतेय!"

"मीही कामाचंच बोलतेय," आई म्हणाली. त्या दिवसापासून घरात त्याचं नाव खडीसाखर पडलं.

तपासणीच्या माणसांनी खाणीचा चहासुद्धा घ्यायचा नाही, असा नियम होता. तो रोज विचारायचा, ती रोज नाही म्हणायची. "बरं, माझा कप निवेपर्यंत तरी थांबा," तो म्हणायचा. त्याचा कप निवायला फार वेळ लागायचा, आणि तीही कधी घाई करायची नाही.

एका दुपारी त्यानं तिला मुद्दाम शेडमध्ये बोलावलं. पूर्वेच्या उतारावरचा एक दांडा त्यानं पाण्यानं ओला केला. "ही भेग पाहा. तांबूस गंज दिसतोय? इथून पाणी वाहतं. शीर आणि झरा, दोन्ही एकाच भेगेवर आहेत. शीर खणली, तर झरा आटेल."

ती बघतच राहिली. "हे तुम्ही मला का सांगताय?"

"विचारलं असतंत तर सांगावंच लागलं असतं."

"पण मी विचारलं नव्हतं."

"हं..." स्वच्छ असलेला चष्मा त्यानं पुन्हा पुसला. "वाट बघून थकलो. तुम्ही विचारतच नव्हता ना."

तो तिला आधीपासून आवडत होता. आता लपवावा लागेल इतका आवडला. आणि पंचाईत तिथेच होती. लपवलं आणि उद्या बाहेर फुटलं, तर खाणमालक म्हणणार, हा पुरावा नव्हे, हे प्रेमप्रकरण! अहवाल केराच्या टोपलीत जाईल आणि झरा जमिनीत. आणि सांगितलं, तर हे काम तिच्या हातून जाईल. गुडघाभर चिखलात बसून ती त्या बेडकाचा आवाज ओळखायला शिकली होती. तो झरा दुसऱ्याच्या हवाली करायचा, या विचारानं तिला रडू येत होतं.

संस्थेच्या निर्णयाच्या बैठकीला खाणीची माणसंही असत, आणि सुरुवातीला अध्यक्षबाई नेहमीचा प्रश्न विचारत: इथल्या कुणाचं कुणाशी नातं, देणंघेणं, हितसंबंध? सगळे कंटाळून "नाही" म्हणत आणि पाणी पीत.

"आहे," ती म्हणाली.

बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "कुणाशी?"

"खाणीच्या भूवैज्ञानिकांशी."

"काय आहे?"

"प्रेम." तिचे कान तापले होते. "त्यांना अजून सांगितलेलं नाही... म्हणजे, आत्ता सांगितलं."

टेबलाच्या दुसऱ्या टोकाला त्याचं पेन पडलं. "नोंदीसाठी विचारते," बाई त्याच्याकडे वळल्या, "हे एकतर्फी आहे का?"

"नाही," तो म्हणाला. आवाज चिरकला. "अजिबात नाही. लिहून घ्या."

दोघांनाही या कामातून बाजूला केलं. प्रकरण गेलं संस्थेच्या पाणीतपासनीसांकडे. त्यांना सगळे काका म्हणत, आणि काकांचा सख्ख्या भावाच्या शब्दावरही विश्वास नव्हता. "दगड काय म्हणतो ते राहू द्या," ते म्हणाले, "मी पाण्यालाच विचारतो." पूर्वेच्या उतारावर पाडलेल्या भोकात ते निरुपद्रवी हिरवा रंग सोडणार होते. झऱ्यात रंग उतरला तर खोदाई कायमची बंद. नाही उतरला तर यंत्रं तयारच होती.

कुंपणाच्या आत दोघांना बंदी. म्हणून ती दोघं खालच्या रस्त्यावरच्या पुलाच्या कठड्याला टेकून उभी राहिली. झऱ्याचं पाणी तिथूनच पुढे गावाकडे जाई. सकाळपासून पाणी नितळ होतं. दुपारीही नितळच.

"तुम्हाला काय व्हायला हवंय?" तिनं विचारलं.

"खरं सांगू? शीर हवीय." तो पाण्याकडे बघत होता. "अशी शीर जन्मात एकदाच सापडते. पण मी सांगितलेलं खोटं ठरलं, तर तुमच्यासमोर कुठल्या तोंडानं उभा राहू?"

ऊन कलायला लागलं. मग दगडांमधून काहीतरी हिरवट सरकलं... आधी तिला शेवाळच वाटलं. बघता बघता अख्खा ओढा काठोकाठ हिरवागार झाला.

ती आनंदानं ओरडली, आणि त्याच्याकडे बघून मध्येच थांबली. त्याचे डोळे भरून आले होते, आणि तो हसत होता. समजूत घालणारं काहीतरी बोलावं, असं तिला फार वाटलं. तिनं त्याचा हात धरला.

"तू खरं सांगितलं होतंस," ती म्हणाली.

"हो," तो म्हणाला. "दोन्ही वेळेला. शेडमध्ये आणि बैठकीत."