शिळं पेट्रोल आणि चंद्रावरची आई

"फुस्स!"

आप्पाआजोबांनी दोरी ओढली, तरी गवत कापायचं जुनं यंत्र पुन्हा गप्प. मागच्या हिवाळ्यात एका ओढीत गुरगुरायचं की! नुसतं कोपऱ्यात बसून झालं तरी काय त्याला?

राहीने घाईने आभाळाकडे पाहिलं. तिची आई आज चंद्रावरच्या वेधशाळेतून परत येत होती. तिच्या उडनगाडीच्या कॅमेऱ्याला अंगणातलं पांढरं वर्तुळ दिसलं, तरच ती इथे उतरणार. नाहीतर सरळ नाशिकच्या तळावर. आणि वर्तुळ बुडालेलं गुडघाभर गवतात. गवत कापायचं नवं, उन्हावर चालणारं सौर यंत्र आठवडाभराच्या ढगांमुळे उपाशी.

"आप्पा, तुम्ही शास्त्रज्ञ ना? करा ना काहीतरी!"

"शास्त्रज्ञ म्हणजे मांत्रिक नव्हे गं, चिमणे. इंजिनाला काय काय लागतं, सांग."

"पेट्रोल, हवा आणि ठिणगी."

आप्पांनी स्पार्क प्लग (ठिणगी पाडणारा भाग) काढून पाहिला. ठणठणीत! हवेची जाळीही स्वच्छ.

"मग राहिलं पेट्रोल," राही म्हणाली. "पण टाकी तर अर्धी भरलीये." तिने झाकण उघडलं आणि नाक मुरडलं. "ई! शिळं झालंय का हे?"

"अगदी बरोबर!"

"मग फोडणी द्या," स्वयंपाकघरातून घरंगळत आलेला यंत्रमानव ढब्बू गंभीरपणे म्हणाला. "शिळ्या पोळीला देतो तशी. मोहरी आणू?"

"खबरदार! पेट्रोलजवळ आग?" आप्पा हसत ओरडले. "ढब्बोबा, तुमची डाळ इथे शिजायची नाही."

मग ते राहीला म्हणाले, "पेट्रोल म्हणजे अनेक द्रवांचं मिश्रण. त्यातले हलके द्रव चटकन पेटतात, पण त्यांचंच आधी बाष्पीभवन होतं (वाफ होऊन ते उडून जातात). मागे उरतात जड, आळशी द्रव. हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग होऊन त्यांचा चिकट थर तयार होतो. तो कार्ब्युरेटरच्या (पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या भागाच्या) बारीक भोकात बसतो."

"लाडवांच्या पाकाची कढई तशीच ठेवली की होतं तसं?"

"तस्संच!"

आप्पांनी शिळं पेट्रोल बंद डब्यात काढलं, ते भोक साफ केलं. ढब्बू शेजारच्या जुन्या गाड्यांच्या संग्रहालयातून ताजं पेट्रोल घेऊन आला. दोरी ओढली.

"फुस्स... घुर्रर्र!"

वर्तुळ मोकळं झालं, तोच आभाळातून उडनगाडी अलगद उतरली. आईने पाऊल टाकलं आणि तिचे गुडघे लटपटले. चंद्रावर वजन पृथ्वीवरच्या वजनाच्या सहाव्या हिश्श्याएवढं. पायांना कामच नाही, स्नायू सुस्तावलेले.

राही धावली. तिने आईचे दोन्ही हात घट्ट धरले.

"मोहरी आणू?" ढब्बूने विचारलं.

"नको रे! नुसतं ओढायचं." राही आईकडे बघून हसली. "आणि मी चंद्रावर जाईन ना, तेव्हा रोज व्यायाम करीन. जाण्याआधी यंत्राची टाकीही रिकामी करून ठेवीन. चल, आई!"

"घुर्रर्र," म्हणत आईने पाऊल उचललं.