न संपणारी मैफल

मिरजेच्या त्या शुश्रूषागृहात तिसऱ्या मजल्यावरची मैफल गेले चौदा महिने चालू होती आणि एकही श्रोता उठला नव्हता. उठला नव्हता म्हणजे गेला नव्हता. तिथे शेवटच्या दुखण्याचीच माणसं आणत, आणि पूर्वी आठवड्याला एखादी तरी खाट रिकामी होई.

मैफल गात होतं 'अखंडी' नावाचं यंत्र. त्याच्या पोटात संभवपट होता, म्हणजे कुठल्या सुरानंतर कुठला सूर येण्याची किती शक्यता, याचा भलामोठा तक्ता. रुग्णाच्या मनगटावरच्या पट्टीतून त्याला श्वास आणि नाडी कळे, आणि त्या बेताने तो तक्ता क्षणाक्षणाला बदले. त्यामुळे एकदा गायलेलं ते पुन्हा कधी गात नसे.

श्रीरंग तासगावकर, म्हणजे अण्णा, चाळीस वर्षं संगीत मंडळाचे चिटणीस होते. भैरवी झाल्याशिवाय मैफलीतून उठायचं नाही, हा त्यांचा हट्ट. एकदा अंगात ताप फणफणत असतानाही ते शेवटपर्यंत बसले आणि बायकोने घर डोक्यावर घेतलं. आता पाठीला जखमा होत्या, कूस बदलताना ते कण्हत, आणि लेकीला, ऋजुताला, एवढंच विचारत, "भैरवी झाली का गं?"

ऋजुताला त्यांची सुटका हवी होती. हे स्वतःशी कबूल करतानाही तिला लाज वाटे.

"बंदच करून टाका ना हे," ती यंत्र सांभाळणाऱ्या यास्मिन मुजावरला म्हणाली.

"गेल्या महिन्यात केलं होतं की घटकाभर, ताई. मैफल मोडली म्हणून कसे तडफडले, बघितलंत ना?"

ऋजुताने भैरवीची जुनी ध्वनिमुद्रणंही लावून पाहिली होती. 'ही कालची मैफल' म्हणून अण्णांनी तोंड फिरवलं होतं.

"मग यालाच भैरवी गाऊ दे."

"गातच नाही. ऐकणारा उठता कामा नये, एवढंच याला शिकवलंय. भैरवी संपली की लोक चपला शोधायला लागतात, हे यानं हजारो मैफली ऐकून ताडलं. भैरवीची शक्यता शून्यावर नेऊन ठेवलीय पठ्ठ्यानं. थांबा, मी हातानं वाढवते."

भैरवी सुरू झाली. अण्णांचा चेहरा सैलावला, श्वास लांबला. ऋजुताने त्यांचा हात घट्ट धरला. आणि तेवढ्यात कोमल रिषभ हलकेच वर सरकून शुद्ध झाला. भैरवीची जौनपुरी झाली, सकाळचा राग, ताजातवाना. अण्णांनी डोळे उघडले.

"नाडी उतरलेली कळली त्याला," यास्मिन पुटपुटली.

ऋजुताला रडूच फुटलं. मग डोळे पुसून तिने स्वतःच तोंड उघडलं. लहानपणी अण्णांनीच शिकवलेली भैरवी. गळा काही तयारीचा नव्हता, पण सूर लागला. अण्णांची बोटं चादरीवर ताल धरू लागली.

यंत्र क्षणभर गप्प झालं. मग त्याचा तंबोरा तिच्या पट्टीत मिळाला.

ती शेवटच्या समेपाशी आली, तोच त्याने सुरांची एक छोटी, वळणदार जागा घेतली. इतकी गोड, की ती उचलल्यावाचून ऋजुताला राहवेना. आणखी एकदाच, तिने मनाशी म्हटलं. पुढच्या समेपाशी आणखी एक जागा आली. मग आणखी एक.

"ताई, थांबा!" यास्मिन पडद्याकडे बघत म्हणाली. "भैरवी चालतेय त्याला. फक्त संपू देत नाहीये."

ऋजुताने ऐकलं. तिला कळलंही. पण असं गाणं तिच्या गळ्यातून जन्मात कधी निघालं नव्हतं. तिने हातानेच यास्मिनला गप्प बसायला सांगितलं.

अण्णांच्या गालावर रंग चढला होता.

"वा!" ते म्हणाले. "गा, पोरी. आता कुठे रंगायला लागलंय."

आणि ऋजुता गात राहिली.