टोपलीच्या तळाची अळंबी

ज्युराच्या डोंगरातल्या त्या गावात नोव्हेंबर लागला, की सोलांजच्या औषधाच्या दुकानात खोकल्याच्या रोग्यांपेक्षा अळंब्यांच्या टोपल्याच जास्त यायच्या. रानातून वेचलेलं औषधवाल्याला दाखवल्याशिवाय कढईत टाकायचं नाही, ही तिथली जुनी रीत. तिचे वडीलही याच दुकानात तेच करायचे. एकदा मात्र घाईत त्यांनी टोपलीतली वरची तेवढी पाहिली, आणि महिन्याभरात एक अख्खं घर विषानं दगावलं. पुढे ते कुणाशी धड बोलले नाहीत. त्यांना जाऊनही आता सहा वर्षं झाली होती.

शनिवारी दिवस कलताना ऑर्तांस आजी आली. टोपली जांभळ्या अळंब्यांनी शिगोशीग भरलेली.

"काय आजी, रान लुटून आणलंत?"

"माझे गुडघे कुठले रानात जायला! तुझ्या बापानं दिली, पोरी."

म्हातारीला भ्रम व्हायला लागला, या विचारानं सोलांजला वाईट वाटलं. तिनं वरचं अळंबं उलटं केलं. टोपीखालच्या पट्ट्या फिकट जांभळ्या, वास गोडसर. खाण्याजोगंच होतं, गावाचं लाडकं. दुसरंही तसंच. मग तिनं टोपली कागदावर उपडी केली.

तळातलीही जांभळीच. पण टोपीपासून देठापर्यंत कोळिष्टकासारखे धागे, आणि धाग्यांवर गंजाच्या रंगाची भुकटी. या कुळातली काही पंधरवड्यानं मूत्रपिंडं निकामी करतात.

"आजी... खरं सांगा, कुणी दिली?"

"सांगितलं की. रानाच्या कडेला उभा होता. जावयाला अजून पाहिलं नाही म्हणाला... दुसरी टोपली घेऊन तुझ्याच घरी निघाला होता."

सोलांजनं सगळी अळंबी कचऱ्याच्या डब्यात ढकलली आणि घरी फोन लावला.

"बोल गं," गास्पार, तिचा नवरा, म्हणाला. मागे लोणी चरचरत होतं. "एक आजोबा अळंबी घेऊन आलेत. तू तपासलीस म्हणे."

"तू खाल्लीस?"

"अजून नाही. पहिला घाणा त्यांना वाढला, आता माझा..."

"फेक! कढईसकट फेक. तुला माझी शपथ आहे."

दार उघडल्याचा, कढई आदळल्याचा आवाज आला. वाचला, तिचा गास्पार वाचला. तिला रडूच फुटलं.

"टाकली बाई, सगळी टाकली." मग त्याचा आवाज एकदम खाली आला. "पण सोलांज... आजोबा उठायला तयार नाहीत. बशी पुसून खाल्ली त्यांनी. म्हणतायत, पोरीला बोलव... तिच्या वाटणीची मी आधीच बाजूला काढून ठेवलीत."