धाग्याचं दुसरं टोक

विश्वास ठेवायचा की नाही, ते तुमचं तुम्ही बघा. मी यात पदरचं काही घातलेलं नाही. ज्या बाईवर हे ओढवलं त्या माझ्या सासूबाई, कुसुमावती. अजून आहेत, माझ्याच घरात आहेत. दुसऱ्या साक्षीदार जनामावशी मागच्या उन्हाळ्यात उमरेडला वारल्या. त्यांनीही शेवटपर्यंत हे असंच सांगितलं.

साल अडुसष्ट. महिना माघाचा. जागा नागपूरपासून फार लांब, जगन्नाथपुरीच्या अलीकडची समुद्राकाठची वाळू.

आणि वेळ रात्रीची नव्हती.

लख्ख दुपार होती...

सासूबाई कोष्ट्याच्या घरातल्या. माहेरीही माग, सासरीही माग. लहानपणापासून कांड्या भरायच्या, म्हणजे मागाला लागणारं सूत नळीवर गुंडाळून द्यायचं. या कामात दोन्ही हात गुंततात. मग लेकराला झोका कोण देणार? म्हणून झोक्याला सुताचा पिळलेला धागा बांधायचा, त्याचं दुसरं टोक पायाच्या अंगठ्याला. हात कांडीवर, अंगठा झोक्यावर. लेकरू कुरकुरलं की धागा हलतो. धागा हलला की अंगठा आपोआप हलतो. झोपेतसुद्धा.

मागावर पोट भरेना, तेव्हा मामंजी, म्हणजे ईश्वरदास, लकडगंजातल्या ओमप्रकाशच्या बिछायत केंद्रात लागले. मांडव घालायचे, राहुट्या ठोकायच्या. त्या साली ओमप्रकाशने यात्रेची गाडी काढली. राहुट्या ठोकायला मामंजी, स्वयंपाकाला उमरेडच्या जनामावशी आणि पोळ्या लाटायला कुसुमावती. पाच वर्षांचा मुलगा आजीजवळ ठेवला. तो मुलगा म्हणजे आमचे हे. उत्तरा, माझी नणंद, तेव्हा वर्षाची होती. अंगावर पिणारी. तिला बरोबर घ्यावंच लागलं.

पुरी तासाभरावर राहिली आणि गाडीच्या स्प्रिंगचा पाटा तुटला.

एका बाजूला सुरूची झाडं, दुसऱ्या बाजूला वाळूच्या टेकड्या, टेकड्यांपलीकडे समुद्र. टेकड्यांच्या मधल्या खोलगट जागेत राहुट्या पडल्या. कुसुमावतीने वाळू पाहिली होती ती कन्हान नदीची, घर बांधायला आणतात ती. ही वाळू निराळी. ही चालायची. संध्याकाळी ठोकलेल्या खुंट्या सकाळी दिसेनात. उमटलेलं पाऊल मागे वळून बघेपर्यंत बुजून जायचं.

"काय हो मावशी, ही वाळू का जिवंत आहे?"

"जिवंत नाही तं काय! सकाळी माह्या कणकेत येऊन बसली होती. तुह्या नवऱ्याले म्हणा, आज पोळीसंगं दात बी मोजून घेजो."

सकाळी एक कोळीण आली. डोक्यावर टोपली नाही, काही विकायला नाही. हातात फक्त मातीचं बोळकं. राहुटीसमोरची सगळ्यांत उंच टेकडी ती चढली. वर बसली. बोळक्यातलं दूध हळूहळू वाळूत ओतलं. वाळूवर हात फिरवला... आपण लेकराच्या पाठीवरून फिरवतो तसा.

आणि आली तशी निघून गेली.

"त्यांचा देव असन," जनामावशी म्हणाल्या.

कुसुमावतीने लांबूनच हात जोडले.

दहाच्या सुमारास दुसरी गाडी मिळाली. यात्रेकरू पुरीला दर्शनाला गेले. ड्रायव्हर पाटा घेऊन गावात गेला. मामंजी पाण्याचं पिंप घेऊन बैलगाडीबरोबर निघाले. जाताना उत्तराचा गालगुच्चा घेतला.

"इकडं तिकडं जाऊ नका गड्या. अन् हिले डोळ्याआड करू नको वं. रांगत रांगत कुठी जाईन, या वाळूत खूण बी राह्यत नाही."

तेच तिच्या मनात बसलं. खूण राहत नाही...

पोर गेलं तर शोधायचं कुठे?

मग तिने जे करायचं तेच केलं. पिशवीतून सुताची कांडी काढली. धागा दुहेरी पिळला, एक टोक उत्तराच्या करदोड्याला बांधलं, दुसरं आपल्या अंगठ्याला. लेकरू हाललं की आपल्याला कळणारच. आणि राहुटीच्या सावलीत लेकीला पाजता पाजता तिचा डोळा लागला.

वारा पडला होता. लाटांचा आवाजही लांब गेल्यासारखा झाला होता.

...धागा हलला.

कुसुमावतीने डोळे उघडले नाहीत. अंगठा आपोआप हलला. ये गं माझी बाय. झोप.

धागा सैल झाला. परत हलला. तिने परत झोका दिला. घरी रोज दुपारी चालायचं तसं चाललं होतं. झोका तिथे नव्हता, वाळू होती, हे झोपेत कोणाला आठवतंय? तिने तर ओठातल्या ओठात अंगाईही धरली.

मग धागा ताणला गेला.

हळू नाही. जोराने. कोणी हट्ट करावा तसा.

तट्.

धागा तुटला.

आता विणकराच्या घरातल्या बाईचा हात कसा असतो, ते सांगायला हवं. मागावर धागा तुटला की आधी जोडायचा, मग विचार करायचा. तुटका धागा तसाच ठेवला तर पुढचं सगळं कापड बिघडतं. ती उठून बसली. अर्धी झोपेत. राहुटीच्या तोंडाशी वाळूवर तुटलेलं टोक पडलं होतं. तिने ते उचललं, थुंकीने ओलं केलं, आपल्या टोकाला लावलं, पिळलं, गाठ मारली. डोळ्यांचं पातं लवायच्या आत.

जोडल्याबरोबर धागा शांत झाला.

हलकेच एकदा हलला... जणू हुश्श केलं.

कुसुमावतीला हसू आलं. "लबाड! बाहेर जाऊन बसली का?"

तेवढ्यात पाठीमागून जनामावशींचा आवाज आला.

"उठली का वं? घे तुही लेक. चांगली न्हाऊन आली."

मावशींच्या कडेवर उत्तरा होती. केस ओले. मूठ तोंडात.

कुसुमावतीने लेकीकडे पाहिलं. मग आपल्या अंगठ्याकडे.

"मावशी... हिले केव्हा नेलं?"

"तुहा डोळा लागला तवाच. करदोड्याची गाठ सोडली, धागा तिथंच तुह्याजवळ ठेवला. काहून?"

धागा तिथे नव्हता.

धागा राहुटीतून बाहेर गेला होता. उन्हात चकाकत, सरळ रेषेत, समोरच्या उंच टेकडीवर.

आणि हलत होता. थांबून थांबून. झोका मागावा तसा.

"खेकडा असन," मावशी म्हणाल्या. पण त्यांचा आवाज बारीक झाला होता. त्यांनी उत्तराला छातीशी घट्ट धरलं.

कुसुमावती धागा हातात घेऊन टेकडी चढली. मावशी मागून ओरडत होत्या, ती चढत राहिली. माथ्यावर पोचली. सकाळी दूध ओतलेली जागा दिसत नव्हती, वाळूने झाकली होती. धागा मात्र तिथेच गेला होता.

सरळ खाली. वाळूत.

आजूबाजूला बीळ नाही. भोक नाही. एक पाऊल नाही.

ती गुडघ्यावर बसली. वाळूला हात लावला. वरची वाळू तव्यासारखी तापली होती. धागा जात होता तिथली...

तिथली थंड होती. आणि मऊ. आणि हाताखाली ती हळूहळू वर येत होती, खाली जात होती...

वर. खाली.

"कुसुम! सोड तो धागा!" मावशी धापा टाकत वर आल्या होत्या. उत्तरा रडत होती.

"मावशी, खाली लेकरू आहे."

"लेकरू तुह्यं इथं आहे! माह्या कडेवर! हिच्याकडं पाह्य!"

सासूबाई सांगतात, त्या वेळी त्यांना उत्तराचं रडणं ऐकू येत होतं, पण शेजारच्या घरातून आल्यासारखं. हात मात्र वाळू उकरायला लागले होते.

मावशींनी खाली वाकून तिच्या अंगठ्याजवळच धागा दातांनी तोडला.

तुटलेलं टोक सर्रकन वाळूत गेलं.

आणि मग आवाज आला. पायाखालून. कोवळा, नुकत्याच जन्मलेल्या पोराचा टाहो. एकच. वाळूने तोंड बंद केल्यासारखा तो मध्येच तुटला.

कुसुमावतीला त्याच क्षणी पान्हा फुटला. चोळी भिजली. पदर भिजला. मावशींनी तिला दंडाला धरून फरफटत खाली आणलं. मामंजी परत येईपर्यंत तिघी बैलगाडीच्या वाटेवर उन्हातच बसून राहिल्या.

मामंजींनी ऐकलं आणि तेही म्हणाले, "खेकडाच असन." पण ती राहुटी त्यांनी लगेच उपटली, रस्त्यापलीकडे ठोकली. कोळीण दुसऱ्या दिवशी आलीच नाही. गाडी नीट झाली, पुरी झाली, सगळे नागपूरला परत आले.

गाडीत बसल्यावर जनामावशींच्या लक्षात आलं. कुसुमावतीच्या अंगठ्याला धाग्याचा तुकडा तसाच होता. तिनेच मारलेल्या गाठीसकट. गाठीपलीकडे बोटभर धागा. त्या बाजूचा.

मावशींनी तो खिडकीतून फेकून दिला.

इथे गोष्ट संपायला हवी होती.

घरी आल्यावर परत कांड्या, परत झोका. आणि उत्तरा वाळायला लागली. दिवसेंदिवस. दूध पुरेना. छातीला लावलं की दोन घोट घेऊन रडायची, दूध आधीच कोणी पिऊन गेल्यासारखं. डॉक्टर झाले, गंडे झाले. काही लागू पडेना.

एका दुपारी मामंजी तिला फिरवून घरी आले. दारातच थबकले.

कुसुमावती भिंतीला टेकून बसली होती. हातात कांडी. अंगठा हलत होता. झोका हलत होता.

"लेक माह्या खांद्यावर आहे," मामंजी म्हणाले. "तू झोका कोणाले देऊन राहिली वं?"

ती दचकली. पाय थांबवला.

झोका थांबला नाही...

त्याच दिवशी झोका उतरवला. आढ्याची कडीसुद्धा काढली. उत्तराला उमरेडला जनामावशींकडे ठेवलं, शेळीच्या दुधावर. ती तिथे टुणटुणीत झाली. पण दोन वर्षांची होईपर्यंत आईला तिला जवळ घेता आलं नाही. मावशी घेऊ देत नव्हत्या. आईने दारातून बघायचं आणि संध्याकाळच्या एसटीने परत यायचं. आजही उत्तराताई माहेरी आल्या की सासूबाई त्यांच्या ताटात वाढतच राहतात, आणि त्या म्हणतात, "आई, पुरे नं आता."

आमच्या घरात झोका नाही. माझं बाळ खाली गोधडीवर झोपतं. मला आधी राग यायचा, कारण कळल्यावर गेला.

परवा दुपारी बाळाला सासूबाईंच्या मांडीवर देऊन मी धुणं वाळत घालायला गेले. परत आले तर बाळ गाढ झोपलेलं. सासूबाईंचेही डोळे मिटलेले. पाय समोर पसरलेला.

उजव्या पायाचा अंगठा हलत होता, झोपेत रोज हलतो तसा. थांबून थांबून.

मी जवळ बसले. फार हळू विचारलं, "आई... इतक्या वर्षांत ते लेकरू मोठं नसेल झालं?"

डोळे न उघडता त्या म्हणाल्या, "तिथं कुठी वाढते वं कोणी."

मग थोड्या वेळाने, "म्या धागा जोडला नं. जोडला तं पाहा लागते."

मी बाळाला उचललं आणि आतल्या खोलीत आले.

आज हे मी त्याच खोलीत बसून लिहिते आहे. बाळ आत्ताच पोटभर पिऊन झोपलंय, ओठांच्या कडेला अजून दूध आहे. बाहेर ऊन आहे. घरात कोणी रडत नाहीये. शेजारीही कोणाकडे तान्हं मूल नाही.

सासूबाई त्यांच्या खोलीत झोपल्यात. मी आत्ताच डोकावून आले.

त्यांचा अंगठा आज शांत आहे... पहिल्यांदाच.

आणि माझा पदर भिजला आहे.